उंदीर ऐकू लागला, मग आमची मुलगी का नाही?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी चौदा महिन्यांची आहे. बेरा टेस्टमध्ये, म्हणजे आवाजावर मज्जातंतू आणि मेंदूतून उठणाऱ्या लहरी मोजणाऱ्या तपासणीत, दोन्ही कानांचा प्रतिसाद नाही. जनुकीय तपासणीत जीजेबी२ या जीनच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. डॉक्टर म्हणतात, कॉक्लिअर इम्प्लांट (कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) लवकर करा. घरचे म्हणतात, थांबा, कारण ‘जीन थेरपीने बहिरा उंदीर ऐकू लागला’ अशा बातम्या सारख्या येत असतात. हे बहिरे उंदीर मुळात तयार कसे करतात? तिकडे जमलं ते इकडे का जमत नाही? आणि दुसऱ्या बाळाचं काय?

इम्प्लांटसाठी थांबू नका, हे आधीच सांगून टाकतो. त्यामागचं भाषेचं आणि मेंदूचं कारण तुमच्या ऑडिओलॉजिस्टनी सांगितलं असेलच. दुसरं कारण उंदरांच्या पिंजऱ्यातून आलेलं आहे, ते मी सांगतो. मी कानाचा डॉक्टर नाही. आनुवंशिक बहिरेपणाचे उंदीर वाढवायचे, त्यांचे कान तपासायचे, हे माझं काम.

उंदीर लागतो कशाला, इथून सुरुवात करू. कॉक्लिआ, म्हणजे आतल्या कानातली शंखासारखी गुंडाळलेली ऐकण्याची नळी, कवटीतल्या सगळ्यात टणक हाडात गाडलेली असते. यकृताची बायोप्सी होते, किडनीची होते, आतल्या कानाची होत नाही. तुकडा काढायला गेलात तर उरलंसुरलं ऐकणंही जाईल. एमआरआयमध्ये द्रवाने भरलेल्या पोकळ्यांचा आकार दिसतो, पेशी दिसत नाहीत. त्यामुळे ‘या मुलीच्या कानात आत नेमकं काय झालंय’ याचं थेट उत्तर आजही कुणी देऊ शकत नाही. उंदराची कॉक्लिआ उलगडली तर जेमतेम ६ मिलिमीटर, माणसाची ३५च्या आसपास, पण आतली मांडणी तीच: आवाज पकडणाऱ्या केसपेशींपैकी आतल्या पेशींची एक रांग, बाहेरच्या पेशींच्या तीन. उंदराच्या एका कानात सुमारे ३,३०० केसपेशी, माणसाच्या सुमारे १५,०००. दोघांतही मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. कोंबडीत उगवते, आपल्यात नाही.

बहिरे उंदीर माणसाने बनवायला घेतले त्याच्या कितीतरी आधीपासून होते. स्वतःभोवती गिरक्या घेणारे ‘नाचरे’ उंदीर जपानमध्ये लोक हौसेने पाळत. तोल सांभाळणारे अवयव कॉक्लिआला लागूनच असतात आणि त्यांच्यातही केसपेशीच काम करतात, म्हणून काही जीन बिघडले की प्राणी बहिरा होतो आणि भेलकांडतोही. प्रयोगशाळांनी असे उंदीर जपून ठेवले, त्यांना शेकर-१, शेकर-२, वॉल्ट्झर अशी नावं मिळाली. १९९५ साली शेकर-१ मधला बिघडलेला जीन सापडला, मायोसिन-७ए. आणि त्याच वर्षी तोच जीन माणसांतल्या अशर सिंड्रोमच्या एका प्रकारात मिळाला. या सिंड्रोममध्ये मूल जन्मतः बहिरं असतं आणि पुढे नजरही जात जाते. १९९८ मध्ये शेकर-२ चा जीन मिळाला. तो शोधताना संशोधकांनी चांगली प्रत असलेला डीएनएचा मोठा तुकडा फलित अंड्यात घातला, आणि जन्मलेलं पिल्लू ऐकू लागलं, गिरक्याही थांबल्या. तोच जीन इंडोनेशियात बाली बेटावरच्या बेंगकाला गावातल्या बहिऱ्या कुटुंबांत बिघडलेला निघाला. त्या गावात पिढ्यान् पिढ्या इतके बहिरे लोक आहेत की ऐकू येणारे गावकरीही खुणांच्या भाषेत बोलतात.

म्हणजे ‘बहिरा उंदीर ऐकू लागला’ ही बातमी तशी १९९८ पासूनची आहे. फक्त तेव्हा दुरुस्ती अंड्यात झाली होती, आणि जन्मलेल्या मुलीला त्याचा उपयोग नाही.

आता बनवण्याबद्दल. जुनी पद्धत भ्रूणाच्या मूळपेशींची. पेशीतला हवा तो जीन मोडायचा, ती पेशी दुसऱ्या भ्रूणात मिसळायची, संमिश्र पिल्लू जन्मलं की त्याच्या पुढच्या पिढीत बदल उतरतो का ते पाहायचं. कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ चं नोबेल यासाठीच मिळालं. अशा उंदरांची एक लाईन, म्हणजे तोच बदल पुढे चालवणारा वंश, उभी करायला वर्ष-दीड वर्ष सहज जायचं. आता क्रिस्पर आहे, डीएनए हव्या त्या जागी कापणारं तंत्र. फलित अंड्यात क्रिस्परचं मिश्रण सोडायचं, अंडी पोसणाऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवायची, वीसेक दिवसांत पिल्लं. पण पहिल्या पिढीतल्या पिल्लांत वेगवेगळ्या पेशींत वेगवेगळा बदल झालेला असतो, त्यामुळे त्यांच्यावर कुठलाच निष्कर्ष काढायचा नाही. त्यांना साध्या उंदरांशी जुळवायचं, पिल्लांच्या शेपटीचं टोक किंवा बाहेरच्या कानाची टिकली घेऊन पीसीआर (डीएनएची तपासणी) करायचा, एक प्रत बिघडलेले नर-माद्या निवडून पुन्हा जुळवायचे. त्यांच्या पिल्लांत सरासरी चारांतलं एक बहिरं निघतं. तुमच्या घरातलं गणित हेच आहे, शेवटी त्याकडे येतो.

आपल्याकडे अशा प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, जीन बदललेला प्राणी असल्यामुळे जैवसुरक्षा समितीचीही. पुण्यात आयसर आणि बंगळुरूमध्ये एनसीबीएस या संशोधन संस्थांत जीन बदललेले उंदीर तयार करण्याची सोय आहे. कागदपत्रांना वेळ लागतो आणि लागावाही. केसपेशी पाहायच्या तर शेवटी प्राणी मारावा लागतो, ही गोष्ट कामाच्या ओघात विसरायला नको.

तुमच्या जीनकडे वळू. जीजेबी२ हा कनेक्सिन-२६ नावाच्या २२६ अमिनो आम्लांच्या छोट्याशा प्रथिनाचा जीन. बहिरेपणाशी त्याचा संबंध १९९७ मध्ये कळला. युरोपात त्यातला एका अक्षराच्या गळतीचा दोष जास्त सापडतो. भारतात सगळ्यात जास्त दिसतो तो डब्ल्यू२४एक्स, म्हणजे २४व्या जागीच ‘थांब’ची खूण येते आणि प्रथिन पुरं होतच नाही. रिपोर्टमध्ये बहुधा असंच काही लिहिलेलं असेल. हे प्रथिन केसपेशींत नसतं, हे ध्यानात ठेवा. ते त्यांच्या आजूबाजूच्या आधारपेशींत असतं. तिथे ते शेजारच्या दोन पेशींमध्ये बारीक वाटा तयार करतं, आणि त्यातून आयन, ग्लुकोज, संदेशवाहक रेणू इकडून तिकडे जातात.

मग उंदरातला हाच जीन काढून टाकला की झालं, असं १९९८ पर्यंत वाटत होतं. तेव्हा कळलं की दोन्ही प्रती नसलेलं पिल्लू जन्मतच नाही. अकराव्या दिवसाच्या सुमारास गर्भातच मरतं. कारण कानात नव्हतं, वारेत (प्लॅसेंटामध्ये) होतं: उंदराच्या वारेत आईचं ग्लुकोज पिल्लापर्यंत पोचायला दोन थर ओलांडावे लागतात, आणि त्या थरांमधली वाट कनेक्सिन-२६ चीच. माणसाच्या वारेत असा थर एकच असतो, म्हणून तुमची मुलगी सुखरूप जन्मली. एकच जीन, एकच दोष, एका प्राण्यात गर्भपात आणि दुसऱ्यात फक्त बहिरेपणा. उंदरावरचा निकाल माणसाला सरळ लावू नये, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

यावर तोडगा काढला तो असा. जीनच्या दोन्ही टोकांना लॉक्स नावाच्या खुणा पेरायच्या. खुणांमुळे जीनचं काही बिघडत नाही. मग क्री नावाचं विकर, जे कात्रीसारखं दोन खुणांमधला भाग कापून काढतं, फक्त आतल्या कानातच बनेल अशी व्यवस्था असलेल्या दुसऱ्या उंदराशी पैदास करायची. वार शाबूत, कान बिनकनेक्सिनचा. २००२ मध्ये असा उंदीर जाहीर झाला आणि तो बहिरा होता. पुढे क्रीला टॅमॉक्सिफेन या औषधाची कळ जोडली गेली. औषध ज्या दिवशी द्याल त्या दिवशी जीन जातो. खरी शहाणपणाची गोष्ट इथून निघाली. जन्मल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जीन काढला तर केसपेशींच्या रांगांमधला ‘कॉर्टीचा बोगदा’ उघडतच नाही, आधारपेशी मरत जातात आणि उंदीर ठार बहिरा होतो. तोच जीन आठवडाभर उशिरा काढला तर बोगदा नीट उघडतो आणि नुकसान पुष्कळ कमी होतं. कनेक्सिन-२६ चं सगळ्यात महत्त्वाचं काम कान ऐकत असताना चालत नाही. कान घडत असताना चालतं.

उंदीर बहिरा आहे हे ठरवायला आम्ही तुमच्या मुलीला केली तीच बेरा करतो. टाळी वाजवल्यावर कान फडकतो का, एवढं पाहून चालत नाही. अर्धवट ऐकणारे उंदीरही फडकवतात. केटामिन-झायलाझिनचं इंजेक्शन देऊन उंदराला झोपवायचं आणि उबेच्या पॅडवर ठेवायचं. भूल दिली की उंदीर झपाट्याने गार पडतो, आणि गार पडला की लहरी उशिरा येतात. चांगला कान वाईट वाटायला लागतो. एक बारीक सुई डोक्यावर दोन कानांच्या मधोमध कातडीखाली, दुसरी कानामागे, तिसरी मागच्या पायाजवळ. मग ९० डेसिबलपासून पाच-पाचने आवाज उतरवत जायचं. स्क्रीनवर पाच टेकाडं दिसतात. आवाज उतरतो तशी ती बुटकी होतात, मागे सरकतात, आणि एका पायरीला सपाट रेघ येते. तिच्या आधीची पायरी म्हणजे त्या उंदराची ऐकण्याची पातळी. नॉकआऊट (जीन काढून टाकलेल्या) उंदरात ९०लाही रेघ सपाट असते, तेव्हा नवा विद्यार्थी हटकून विचारतो, ‘सर, सुई निघाली का?’ आणि सुई बघावीच, कारण कधीकधी खरंच निघालेली असते.

एक फरक बातमीत कधीच येत नाही. उंदराला सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते १६,००० हर्ट्झच्या आसपास, आणि १,००० च्या खाली जवळपास काहीच नाही. आपलं बोलणं बहुतांशी ८,००० हर्ट्झच्या खालीच असतं. उंदराच्या कानात सुधारणा दिसली ती कोणत्या पट्ट्यात, हे तपासल्याशिवाय माणसाच्या बोलण्याबद्दल काही म्हणता येत नाही.

आता मुख्य मुद्दा, दिवसांचा. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा बहिरंच असतं. साधं, निरोगी पिल्लूसुद्धा. त्याचा कान बाराव्या दिवसाच्या सुमारास ऐकायला लागतो. माणसाचं बाळ आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या आसपास आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. म्हणजे एक दिवसाच्या पिल्लाच्या कानात केलेला उपचार हा आपल्या हिशेबाने गर्भातल्या बाळावर केलेला उपचार आहे. बातमीत ‘नवजात उंदीर’ वाचलं की डोळ्यासमोर नवजात बाळ येतं, आणि फसगत तिथेच होते.

जीजेबी२ च्या उंदरांवर जीन थेरपी झाली आहे. निरुपद्रवी केलेल्या एएव्ही विषाणूत चांगली प्रत भरून कानात सोडली. २०१४ च्या एका अमेरिकी प्रयोगात पेशींमधल्या वाटा पुन्हा तयार झाल्या, पेशी मरणं कमी झालं, पण ऐकणं सुधारलं नाही. जपानी गटाने २०१५ मध्ये जन्माच्या दिवशी उपचार केले तेव्हा ऐकणं सुधारलं. मोठ्या उंदरांत तसं झालं नाही. शिवाय कनेक्सिन-२६ चुकून केसपेशींत बनू लागलं तर त्या बिघडतात, म्हणून प्रत नेमकी आधारपेशींतच चालू होईल असा बंदोबस्त लागतो. त्यावर काम जोरात चालू आहे आणि मला त्यात दम वाटतो. जीजेबी२ च्या सगळ्या मुलांचं चित्र सारखं नसतं. काहींना सुरुवातीला बरंच ऐकू येतं आणि मग कमी होत जातं. अशा कानात आतली घडण बऱ्यापैकी झालेली असावी. पहिला फायदा झाला तर त्यांना होईल. बेराला सपाट रेघ आलेल्या, दोन्ही प्रतींत ‘थांब’ची खूण असलेल्या मुलीला होईल असं मी म्हणणार नाही.

याच्या उलट टोकाला ओटीओएफ हा जीन आहे, आणि तुमच्या घरच्यांनी वाचलेल्या बातम्या बहुतेक त्याच्याच असणार. त्यातून ओटोफर्लिन बनतं. केसपेशीने आवाज पकडल्यावर तो मज्जातंतूकडे सोडायचं काम त्याचं. ते नसलं तरी कानाची घडण पूर्ण झालेली असते. फक्त शेवटच्या टप्प्यावर निरोप अडतो. म्हणूनच अशा मुलांची ओएई टेस्ट (केसपेशींमुळे कानातून परत येणारा बारीक आवाज मोजणारी) पास होते आणि बेरा फेल होते. २००६ मध्ये बनवलेल्या नॉकआऊट उंदरातही तसंच दिसलं. जीन मात्र मोठा, सुमारे ६,००० अक्षरांचा, आणि एएव्हीमध्ये मावतात ४,७०० च्या आसपास. म्हणून जीनचे दोन तुकडे दोन विषाणूंत भरून पाठवले, पेशीत ते जुळले. २०१९ च्या प्रयोगात एका गटाने दहा, सतरा आणि तीस दिवसांच्या उंदरांना उपचार दिले आणि तरीही ऐकणं परत आलं. तीस दिवसांचा! ऐकण्याचं वय कधीच उलटून गेलेला उंदीर. मुलांवरच्या चाचण्यांना पुढे जाण्याचं बळ त्या एका आकड्यातून आलं, असं माझं मत आहे. जानेवारी २०२४ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या गटाने सहा मुलांचे निकाल छापले, त्यांतल्या पाच जणांना ऐकू येऊ लागलं होतं. त्याच महिन्यात फिलाडेल्फियातूनही एका अकरा वर्षांच्या मुलाची बातमी आली. आपल्या देशात जम्मूच्या डोडा जिल्ह्यात धडकाई नावाचं गाव आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या बहिरी मुलं जन्मतात, आणि तिथेही ओटीओएफचाच दोष सापडला आहे. तुमच्या मुलीच्या रिपोर्टवर ओटीओएफ असतं तर मी हे उत्तर वेगळं लिहिलं असतं.

बाकीच्या जीनचं झटपट सांगतो. टीएमसी१ च्या एका दोषाच्या उंदराला ‘बीथोव्हन’ म्हणतात. तो सुरुवातीला ऐकतो आणि हळूहळू बहिरा होतो. २०१८ मध्ये क्रिस्परने त्याची फक्त बिघडलेली प्रत कापली, तेव्हा उपचार झालेला कान साधारण १५ डेसिबलने बरा राहिला. दिशा चांगली आहे, पण तो चमत्कार नाही, आणि उपचार पहिल्या-दुसऱ्या दिवसाचे होते. पेंड्रेड सिंड्रोम या आणखी एका आनुवंशिक बहिरेपणाचा उंदीर पार बहिरा असतो, माणसात मात्र ऐकणं वर्षानुवर्षं वर-खाली होत राहतं. अशरच्या बहुतेक उंदरांची नजर माणसासारखी जात नाही, त्यामुळे डोळ्यांच्या उपचारासाठी ते फारसे कामाचे नाहीत. आणि एक घरातलाच घोळ: जगभर सगळ्यात जास्त वापरली जाणारी सी५७ब्लॅक६ ही जात स्वतःच सीडीएच२३ या जीनमधल्या एका बदलामुळे काही महिन्यांत बहिरी व्हायला लागते. सहा महिन्यांच्या अशा उंदरात ‘नव्या जीनमुळे बहिरेपणा आला’ असं कुणी सांगितलं तर आधी जात विचारायची. नीट ऐकणारी जात हवी असेल तर सीबीए घेतात.

तेव्हा पुढची बातमी आली की घरच्यांना तीन गोष्टी विचारायला सांगा: जीन कोणता, उंदीर उपचाराच्या दिवशी किती दिवसांचा होता, आणि सुधारणा किती महिने टिकली. बातमीत नसेल तर मूळ निबंधाच्या गोषवाऱ्यात बहुधा मिळतं. वय बारा दिवसांच्या आतलं असेल तर तुमच्या मुलीच्या दृष्टीने तो प्रयोग अजून पहिल्या पायरीवर आहे.

इम्प्लांटबद्दल आणखी एक, आणि ही चांगली बातमी आहे. कॉक्लिअर इम्प्लांट केसपेशींना वळसा घालून थेट मज्जातंतूला विजेचे संकेत देतो. जीजेबी२ मध्ये दोष आधारपेशींत असतो, मज्जातंतू साधारणपणे टिकून असतो, म्हणून या मुलांना इम्प्लांटचा फायदा चांगला होतो. तुमच्या मुलीचा रिपोर्ट या एका बाबतीत तुमच्या बाजूने आहे. ‘एक कान भविष्यातल्या थेरपीसाठी राखून ठेवू का’ असं पालक विचारतात. ओटीओएफमध्ये तो विचार समजण्यासारखा आहे. इथे, जी रचना घडलीच नसण्याची शक्यता जास्त तिच्यासाठी एक कान शांत ठेवायचा, हे मला पटत नाही. निर्णय तुमचा आणि सर्जनचा.

दुसऱ्या बाळाचं. तुम्ही दोघं एकेक प्रत बिघडलेले वाहक असणार. तुमच्या रक्ताची तपासणी करून ते पक्कं करून घ्या. नवरा-बायको नात्यातले असतील, आपल्याकडे मामे-आते भावंडांत लग्नं होतातच, तर दोघांत एकच दोष उतरलेला सापडतो. नात्यातले नसाल तर दोन वेगळे दोष असू शकतात. दोन्ही बाबतीत प्रत्येक गरोदरपणात बाळ बहिरं असण्याची शक्यता चारांत एक, आणि पहिलं मूल बहिरं झालं म्हणून पुढची तीन सुटतात असं नसतं. आधीच कळून घ्यायचं असेल तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. निकालाचं काय करायचं हे आधी दोघांत बोलून ठेवा. तपासायचं नसेल तरी बाळ जन्मल्यावर नुसत्या ओएईवर थांबू नका, पहिल्या महिन्यातच बेरा करून घ्या, आणि जनुकीय रिपोर्टची प्रत त्या ऑडिओलॉजिस्टच्या हातात द्या.